ताजच्या वाटेवरची झाडे

ताजमहाल प्रत्यक्ष पाहिला नाही असे लोक पुष्कळ असतील. पण त्याचे चित्र पाहिले नाही असा माणूस सापडणे कठीण. शाळेच्या पुस्तकात, दिनदर्शिकेवर, लग्नात भेट म्हणून आलेल्या काचेच्या पेटीत कुठे ना कुठे तो आपल्याला भेटलेला असतो. चित्र बहुधा एकाच जागेवरून काढलेले. मधोमध पाण्याचा सरळ पाट, पाटाच्या दुतर्फा गडद हिरव्या सरूंची रांग, त्यापलीकडे मोकळी हिरवळ आणि टोकाला ती पांढरीशुभ्र इमारत. हे दृश्य डोळ्यांत इतके बसले आहे की शहाजहान बादशहानेही हेच पाहिले असेल असे आपण गृहीत धरतो.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते या इमारतीबद्दल नव्हे, तर तिच्याकडे नेणाऱ्या वाटेवरच्या झाडांबद्दल. इमारत साडेतीनशेहून अधिक वर्षांची आहे. पाण्याचा पाट आणि फरसबंद वाट यांची आखणीही तेव्हाचीच आहे. झाडे मात्र तेव्हाची नाहीत, आणि ती मोकळी हिरवळ तर नाहीच नाही. ती कधी आली, कोणी आणली आणि तिच्या आधी तिथे काय होते, हे पाहू लागलो की ताजचा एक वेगळाच इतिहास समोर येतो.

आधी सरूबद्दल दोन शब्द. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला आपण सुरू म्हणतो, समुद्राच्या वाऱ्यात ज्याचा सूं सूं आवाज येतो, ते झाड वेगळे. ते पूर्वेकडच्या बेटांतून आणि ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आले. मोगल बागेतला सरू हा इराण आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचा. उभा, सडसडीत, बारमाही हिरवा. फारसी कवींनी प्रेयसीच्या उंच, सरळ बांध्याला त्याचीच उपमा दिली. पानझड नाही म्हणून तो चिरंतनाचे प्रतीक झाला आणि कबरस्तानात लावला जातो म्हणून मृत्यूचेही. आग्र्यालाच यमुनेच्या पलीकडच्या तीरावर इतमादुद्दौलाची कबर आहे. तिच्या संगमरवरात रंगीत दगड बसवून सरूची चित्रे काढली आहेत. मोगल चित्रकारांनी तर सरूला बिलगलेले फुलोऱ्यातले फळझाड वारंवार रंगवले. एक न बदलणारा, दुसरे दर वसंतात नव्याने फुलणारे, अशी ती जोडी.

बाबर 1526 मध्ये आग्र्याला आला तेव्हा इथली धूळ, ऊन आणि वाहत्या पाण्याची वानवा पाहून कासावीस झाला. मग यमुनेच्या काठी त्याने आखीव बागा करायला घेतल्या. त्याचा पणतू जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो की, सरू, चिनार यांसारखी थंड मुलखातली झाडे हिंदुस्थानात कोणाच्या ध्यानीमनी नव्हती, ती आता इथे मुबलक झाली आहेत. म्हणजे ताजची बाग लावली गेली तेव्हा सरू आग्र्यात रुळलेला होता.

बाग नव्हे, फळबाग

मुमताजमहल 1631 च्या जूनमध्ये बुऱ्हाणपूरला, तापीच्या काठी वारली. पुढच्या वर्षी आग्र्याला कबरीचे काम सुरू झाले. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 1643 च्या सुमारास पूर्ण होत आलेल्या वास्तूचे वर्णन लिहून ठेवले आहे. तो बागेची मापे देतो: 368 गज लांब, तितकीच रुंद. मोगलांचा तो गज सुमारे 81 सेंटिमीटरचा. म्हणजे जवळजवळ 300 मीटरचा चौरस. मधल्या वाटांमधून 6 गज रुंदीचा पाट आणि त्यात यमुनेच्या पाण्याची कारंजी. झाडांबद्दल मात्र तो एका वाक्यात आटोपतो. सुगंधी रोपे आणि तऱ्हेतऱ्हेची फळझाडे, एवढेच. संगमरवराचा हिशेब गजागजाने ठेवणाऱ्या दरबाराने झाडांची यादी काही मागे ठेवली नाही.

पण ‘फळझाडे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी 1631 ते 1633 या काळात आग्र्यात होता. तिथल्या मोगल बागांचे वर्णन करताना तो संत्री, तुती, आंबा, अंजीर, केळी अशी झाडे सांगतो. केळी आणि सरू ओळीने लावलेले असत असेही नोंदवतो. दुसऱ्या चौकांत गुलाब, खसखशीची लाल-पांढरी फुले आणि झेंडू. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर नव्या जगातली रोपे हिंदुस्थानात आली आणि तो तोपर्यंत बादशाही बागेत पोचला होता.

फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने 1663 च्या पत्रात ताजचे वर्णन केले आहे. तोपर्यंत शहाजहान कैदेत होता आणि बाग तीस वर्षांची झाली होती. बर्निए म्हणतो, प्रवेशद्वारापासून कबरीपर्यंत जाणारी मधली फरसबंद वाट बागेच्या जमिनीपेक्षा सुमारे आठ फ्रेंच फूट उंच आहे, तिच्या मधून पाट आहे, आणि आजूबाजूला झाडांनी झाकलेल्या वाटा आणि फुलांनी भरलेले ताटवे आहेत.

वाट उंच आणि ताटवे खोल, ही गोष्ट जरा नीट डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे केळीच्या बागेच्या कडेने उंच बांधावरून चालताना जसे वाटते तसे काहीसे. खालच्या चौकात डाळिंब, संत्रे लावले की त्याचा शेंडा तुमच्या कमरेशी, फार तर छातीशी येणार. फुले आणि फळे हाताशी, वास नाकाशी आणि नजर मात्र शेंड्यांवरून थेट पलीकडे जाणार. बाग झाडांनी गच्च भरलेली असूनही इमारत दिसत राहावी याची ही युक्ती होती. शिवाय खोल वाफ्यांना पाटाचे पाणी सोडणे सोपे. पाणी कुठून यायचे? तर यमुनेतून, मोटेने. बैलांच्या मोटा पाणी उपसून टप्प्याटप्प्याने उंच टाक्यांत चढवत आणि तिथून ते जमिनीखालच्या खापरी नळांतून बागेत येई. सगळी कारंजी सारख्याच उंचीने उडावीत म्हणून प्रत्येकाच्या तळाशी तांब्याचे एकेक भांडे बसवलेले होते. आधी भांडी भरायची, मग कारंजी उडायची.

एवढी मोठी बाग जगवायची तर पैसा हवा. शहाजहानने ती तजवीज केली होती. आग्र्याभोवतालच्या 30 गावांचा एक लाख रुपयांचा वसूल आणि ताजच्या समोरच्या बाजारपेठेचे व सरायांचे दोन लाख रुपये भाडे, असे वर्षाला तीन लाख कबरीच्या देखभालीसाठी लावून दिले होते.

बाग रानात जाते

झाडांचे असे असते की राजाचे लक्ष हटले तर पहिल्यांदा तीच सांगतात. डिसेंबर 1652 मध्ये शहजादा औरंगजेब सुभेदारीवर दक्षिणेत येत असताना वाटेत आग्र्याला थांबला. त्याने बापाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. इमारत भक्कम आहे पण घुमट पावसात गळतो, असे तो कळवतो. त्याच पत्रात यमुनेपलीकडच्या मेहताब बागेचीही खबर आहे. पुरात ती बुडाली, तिची शोभा गेली. पण हौद आणि मंडप ठीक आहेत. दगड टिकला, झाडे गेली, असे हे सार. वास्तू जेमतेम दहा वर्षांची झालेली असताना.

पुढे राजधानी आग्र्यातून गेलेलीच होती. अठराव्या शतकात सत्ताही गेली. 1761 मध्ये भरतपूरच्या जाटांनी आग्रा घेतले. 1785 च्या सुमारास ते महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले आणि 1803 मध्ये लॉर्ड लेकने किल्ला जिंकेपर्यंत, मधल्या धामधुमीचा काळ वगळता, आग्र्यावर शिंदेशाहीचा अंमल होता. आपल्या इतिहासात आपण पानिपत शिकतो, दिल्लीवरचा भगवा शिकतो. ताजमहालाच्या शहरावर मराठ्यांची सत्ता होती हे मात्र चटकन कोणाला आठवत नाही.

याच काळात, जानेवारी 1789 मध्ये, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चुलते-पुतणे चित्रकार आग्र्याला आले. ताजची त्यांनी काढलेली दोन मोठी चित्रे 1801 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यातले बागेतून काढलेले चित्र मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा नजर इमारतीवर न जाता दोन्ही बाजूंच्या झाडांवर जाते. मोठमोठे, डेरेदार वृक्ष. हिरवळ नाही, मोकळे मैदान नाही. मधल्या वाटेची फट तेवढी उघडी आणि तिच्या टोकाला ताज. डॅनियल मंडळींनी दृश्य रम्य करण्यासाठी थोडे स्वातंत्र्य घेतले असे कोणी म्हणेल. पण पुढे कॅमेरा आला. आग्र्याचा सरकारी डॉक्टर जॉन मरे याने 1850 आणि 60 च्या दशकांत काढलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांतही प्रवेशद्वारावरून पाहिले तर खाली रान दिसते आणि त्या रानातून घुमट आणि मिनार वर आलेले दिसतात.

हे रान शहाजहानचे नव्हते. खोल वाफ्यातली बुटकी फळझाडे छाटणीअभावी माजली, मेली त्यांच्या जागी आपोआप उगवलेली वाढली, असे दीडशे वर्षांत कुठल्याही वाडीचे होते. तरीही एका बाबतीत ते मूळ बागेशी नाते राखून होते. ताज झाडांमधून दिसत होता. माणूस सावलीतून चालत जाई आणि इमारत थोडी थोडी करून पुढे येई.

कंपनी सरकारच्या अमलात या बागेत सहली होऊ लागल्या, गच्चीवर बँड वाजू लागला. करमणूक म्हणून छिन्नी-हातोडी घेऊन कबरींवरचे रंगीत दगड उकरणारे महाभागही होते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. लॉर्ड कर्झननेच 1900 साली एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात सांगितले आहे.

कर्झनची नजर

कर्झन म्हटले की आपल्याला बंगालची फाळणी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण प्राचीन वास्तूंच्या बाबतीत या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत हेही मान्य केले पाहिजे. 1899 मध्ये व्हाइसरॉय म्हणून आल्यावर त्याच वर्षअखेर तो आग्र्याला गेला, आणि पुढची सहा वर्षे ताजच्या डागडुजीत जातीने लक्ष घालत राहिला. 1902 मध्ये जॉन मार्शलला आणून त्याने पुरातत्त्व खाते नव्याने उभे केले, 1904 मध्ये प्राचीन वास्तू संरक्षणाचा कायदा केला. ताजच्या आत कबरीवर टांगलेला पितळी दिवा त्यानेच कैरोहून करवून घेतला.

बागेचे रान त्याच्या डोळ्यांत सलत होते. त्याच्या कारकिर्दीत मोठी झाडे काढली गेली, पाट दुरुस्त झाला, पाटाच्या कडेने सरूची नवी रोपे ओळीने लागली आणि चौकांत हिरवळ आली. 1904 च्या भाषणात त्याने अभिमानाने सांगितले की, जुने नकाशे सापडल्यामुळे पाण्याचे पाट आणि फुलांचे वाफे अधिक अचूकपणे मूळ स्थितीत आणता आले.

पाटांच्या बाबतीत ते खरे होते. लावणीच्या बाबतीत मात्र नकाशा काय सांगणार? नकाशात रेषा असतात. रेषेच्या आत संत्रे होते की गवत, हे त्यात नसते. ती रिकामी जागा कर्झनच्या माणसांनी आपल्या ओळखीच्या गोष्टीने भरली. इंग्लंडमधल्या मोठ्या हवेलीसमोर जशी विस्तीर्ण हिरवळ असते आणि तिच्यावरून हवेली अखंड दिसते, तसे ताजसमोर झाले. सरूंची रांग खऱ्या मोगल परंपरेतली. तिच्या बाजूची हिरवळ साहेबाच्या देशातली. आपल्या डोक्यातले चित्र तयार झाले ते असे, शहाजहाननंतर अडीचशे वर्षांनी.

हे त्या काळी कोणाच्याच लक्षात आले नाही असे नाही. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट ही चित्रकार बाई मोगल बागा हिंडून पाहत होती. 1913 मध्ये तिने या बागांवर एक पुस्तकच लिहिले. इंग्रजी पद्धतीची हिरवळ आणि विखुरलेली झाडे यांनी मोगल बागेचा अर्थच हरवतो, अशी तिची तक्रार होती. पाटाच्या कडेने सरू आणि फळझाडे आलटून पालटून असत, मृत्यू आणि नवे जीवन शेजारी शेजारी उभे असत, असे ती सांगत होती. सरकारने सरू तेवढे ठेवले; त्याचा फुलणारा सोबती गेला. जोडीतला एकच उरला की चित्राचा अर्थ बदलतो, ही तिची गोष्ट मला पटते.

कर्झननंतरही ही रांग कायमची झाली नाही. सरू हे मुळात आग्र्याच्या उन्हाळ्याचे झाड नव्हे. काही मरतात, काही वेडेवाकडे वाढतात, काही इतके उंच होतात की दृश्यच झाकतात. मग नवी रोपे लागतात. 29 मे 2020 च्या रात्री आलेल्या वादळात ताजच्या आवारातली झाडे उन्मळून पडली आणि कठड्यांचेही नुकसान झाले. कठड्याची बातमी सगळीकडे झाली. झाडांची एका ओळीत.

कोणाची बाग जपायची?

आता खरा प्रश्न. उद्या कोणी म्हणाले की हिरवळ काढा आणि शहाजहानची फळबाग परत लावा, तर? कल्पना मोहक आहे. हिरवळीला आग्र्याच्या उन्हात पाणी भरपूर लागते आणि यमुनेची अवस्था आपण जाणतो. डाळिंब-संत्र्याची सावली वाटसरूला मिळेल ती वेगळीच. पण जमीन इतक्या वर्षांत भरून आली आहे. ती खोदायची तर त्याखालचे जुने वाफे, नळ यांचे काय? रोज हजारोंच्या संख्येने येणारी माणसे अरुंद उंच वाटांवर मावतील का? आणि कर्झनची बाग हीसुद्धा आता सव्वाशे वर्षांची झाली. तीही इतिहासच नव्हे का?

यावर एक मधला मार्ग नदीपलीकडे दिसतो. मेहताब बाग शतकानुशतके गाळाखाली होती. 1990 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने अमेरिकन अभ्यासकांच्या मदतीने तिथे उत्खनन केले. ताजच्या नेमक्या समोर अष्टकोनी हौद निघाला. औरंगजेबाच्या पत्रातला हौद तो हाच. त्यानंतर तिथे मोगलकालीन जातींची नवी लागवड करण्यात आली. एके ठिकाणी आहे ते जपायचे, दुसरीकडे मूळचे शोधत लावायचे, असे करता येते. अर्थात नदी आपला हक्क सोडत नाही. जुलै 2023 मध्ये यमुनेचे पाणी 45 वर्षांनी ताजच्या भिंतीला लागले आणि मेहताब बाग पुन्हा पाण्याखाली गेली. 1652 ची बातमी पावणेचारशे वर्षांनी नव्याने आली.

आपल्या महाराष्ट्रात बीबी का मकबऱ्यासमोर हीच आखणी आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. मधोमध पाण्याचा हौद, कारंजी, दुतर्फा वाट. तिथे गेलात तर घुमटाची ताजशी तुलना करण्याआधी घटकाभर वाटेवरच्या झाडांकडे पाहा. ही कोणी लावली, कधी, कशाच्या जागी, असे विचारा. तिथे पाटी असते इमारतीची, झाडांची नसते.

मला वाटते, मागणी करायचीच तर ती याची करावी. फळबाग की हिरवळ हा वाद तज्ज्ञ घालोत. पण वास्तूच्या माहितीफलकावर चार ओळी बागेच्याही असाव्यात: हा पाट शहाजहानचा, हे सरू अमुक साली लावलेले, ही हिरवळ कर्झनच्या काळातली, इथे पूर्वी फळझाडे होती. आणि यापुढे एकही झाड काढताना किंवा लावताना त्याची तारीख, जात आणि जागा वहीत नोंदली जावी. लाहोरीने संगमरवराची नोंद ठेवली म्हणून आज आपण गजाचा हिशेब करू शकतो. झाडांची नोंद त्याने ठेवली असती तर कर्झनला गवत लावायची गरज पडली नसती. पुढच्या शंभर वर्षांनी ही बाग पुन्हा लावावी लागेल, हे नक्की. तेव्हा लावणाऱ्याच्या हातात आपली वही असावी.